भूपालअण्णांचा भाता

सांगलीचे भूपालअण्णा मगदूम पहिल्यांदा साताऱ्याला आमच्या चर्चमध्ये आले ते एका शब्दाच्या घोटाळ्यामुळे, आणि तो घोटाळा माझा होता. मी त्यांना फोनवर एवढंच म्हणालो होतो की आमच्याकडे एक जुना ऑर्गन आहे, तो काढून टाकायचा आहे, एकदा येऊन बघाल का. आमच्या मुलखात ऑर्गन म्हटलं की एकच वस्तू डोळ्यांपुढे येते: संगीत नाटकात रंगमंचापुढे ठेवलेली, पायाने भाता मारून वाजवायची पेटी. अण्णांचा सगळा जन्म असल्या पेट्या दुरुस्त करण्यात गेलेला. ते खांद्याला कापडी पिशवी अडकवून, तिच्यात दोन पेचकस, एक कानस आणि डिंकाची बाटली घेऊन एसटीतून उतरले, चर्चच्या दाराशी कॅनव्हासचे बूट काढले आणि आत येऊन म्हणाले, "मास्तर, पेटी कुठंय?"

मास्तर ही पदवी मला पोस्टातल्या नोकरीमुळे मिळाली. मी पोस्टमास्तर कधीच नव्हतो, काउंटरवर तिकिटं देता देता निवृत्त झालो. पण अण्णांनी फोनवरच मला बढती दिली आणि ती शेवटपर्यंत काढून घेतली नाही.

मी समोर बोट दाखवलं. वेदीच्या डाव्या हाताला, जमिनीपासून थेट छताच्या तुळईपर्यंत नळ्याच नळ्या उभ्या होत्या. काही माणसाच्या कमरेएवढ्या जाड, काही पेन्सिलीसारख्या बारीक, सगळ्यांवर धूळ आणि कबुतरांची कृपा. अण्णांनी मान मागे टाकून त्या बराच वेळ पाहिल्या.

"ही भिंत हाय," ते म्हणाले.

मी म्हटलं, हाच आमचा ऑर्गन. मग त्यांनी विचारलं की ह्यात वाजवणारा बसतो कुठे आणि भाता कुठे आहे. भाता मागच्या खोलीत आहे, असं मी सांगितल्यावर ते मागे गेले आणि अर्धा तास बाहेरच आले नाहीत. शेवटी मी जाऊन बघतो तर दोन खाटा मावतील एवढ्या त्या भात्याखाली स्वारी उताणी पडलेली, टॉर्च दातांत धरलेला, आणि एक तळहात वरच्या लाकडाला लावलेला. डॉक्टर पोट तपासतात तसं चाललं होतं. मला पाहून त्यांनी टॉर्च काढला आणि म्हणाले, "दम हाय अजून."

अण्णांना भेटलेला प्रत्येक माणूस हा शब्द ओळखून आहे. त्यांच्या लेखी कुठल्याही वाद्यात आधी दम बघायचा, सूर मागाहून. हवा म्हटलेलं त्यांना चालत नसे. हवा पंखा पण देतो, ते म्हणत. माणसांच्या बाबतीतही तोच हिशेब. भेटल्यावर "कसं काय" किंवा "बरं आहे ना" असलं काही नाही, एकदम "दम कसाय?" माझ्या बायकोला, सुशीलाला, पहिल्यांदा त्यांनी हे विचारलं तेव्हा तिला वाटलं की हिला दमा आहे असं मीच त्यांना जाऊन सांगितलं.

ऑर्गनची कथा थोडक्यात अशी. आमचं दगडी चर्च साहेबाच्या काळातलं आणि ऑर्गनही तेव्हाच बोटीने आलेला. माझ्या लहानपणी तो वाजत असे आणि बाकाला लावलेली आमची पाठ गुदगुल्या झाल्यासारखी थरथरे. पुढे उंदरांनी भात्याचं कातडं खाल्लं, वाजवणारे एकेक करून देवाघरी गेले, आणि गेली वीस-बावीस वर्षं आमची गीतं कीबोर्डवर चालली. मग कमिटीने ठराव केला की ऑर्गन काढावा, नळ्या मोडीत घालाव्यात आणि त्या जागी मोठे स्पीकर बसवावेत. सूचना सरोजिनीबाईंची. सरोजिनीबाई म्हणजे मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका आणि आमच्या कमिटीच्या सर्वांत ज्येष्ठ सभासद. त्या बोलायला उभ्या राहिल्या की पाळकसाहेबसुद्धा पाय जुळवून बसतात. ठराव माझ्या अक्षरात आहे, कारण मी सेक्रेटरी.

मी हे सगळं अण्णांना सांगितलं. ते पायरीवर बसून हात पुसत होते.

"काढायचा म्हंजे, मोडायचा?"

मी हो म्हटलं.

"मास्तर, मी आजवर लय पेट्या मोडल्या. नाटक कंपन्या बसल्या, पेट्या अंगणात आल्या. लोकं म्हणायची, भूपाल, लाकूड झ्याक हाय, कपाट करून दे. दिली करून. माझ्या वस्तादांची पेटीबी ह्याच हातांनी मोडली. तिचं त्यांच्या नातीच्या लग्नात ड्रेसिंग टेबल झालं." त्यांनी हातातलं फडकं बाजूला ठेवलं. "आता ह्या वयात आणिक एक न्हाई मोडायची. माझ्या हातनं एक तरी उभी ऱ्हाऊ दे."

ते मला रागावून बोलले असते तर बरं झालं असतं. तसं काहीच नव्हतं, जरा ओशाळल्यासारखंच बोलणं होतं, आणि त्यामुळे मी अडकलो. पुढच्या मीटिंगमध्ये मी तोंड वर न करता विषय मांडला. सरोजिनीबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि अट घातली: पुढच्या नाताळच्या आधी लोकांसमोर तासभर, मध्ये बंद न पडता ऑर्गन वाजला तर राहील. मध्येच धाप लागली तर नाताळनंतर मोडीवाला येईल. अट मी अण्णांना कळवली. ते म्हणाले, रास्त हाय.

त्यानंतर वर्षभर दर शनिवारी अण्णा सांगलीहून येत राहिले. पंच्याहत्तरी ओलांडल्यामुळे एसटीचा प्रवास त्यांना फुकट होता, आणि सरकारने ही सवलत आपल्याला साताऱ्याचा ऑर्गन नीट करता यावा म्हणूनच काढली आहे, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. पहिल्या गाडीने यायचं, कॅनव्हासचे बूट काढायचे, तांब्यातलं पाणी पांढऱ्या फडक्यातून गाळून प्यायचं आणि मागच्या खोलीत शिरायचं. कामात बोलत नसत. बोललेच तर नळीशी. एखादी नळी हातात घेऊन तोंडाने फुंकायची, ऐकायचं, "व्हय, कळलं" म्हणायचं आणि बाजूला ठेवायची.

त्यांच्या गळ्यात, हातात, पायात, कमरेला कुठेही चामड्याची वस्तू नव्हती. घड्याळाचा पट्टा विणलेल्या सुताचा. जेवण दिवस मावळायच्या आत. त्यासाठी ते घड्याळ बघत नसत. आमच्या पश्चिमेच्या खिडकीत वरच्या बाजूला एक निळी काच आहे. उतरतं ऊन त्या काचेवर आलं की अण्णा हत्यारं ठेवत, हात धुवत आणि व्हरांड्यात बसून डबा उघडत. डबा सुशीला देई. पहिल्या शनिवारी तिने हौसेने बटाट्याची भाजी केली होती, कांदा घालून. अण्णांनी नुसती भाकरी आणि चटणी खाल्ली आणि भाजीला काहीही नाव न ठेवता झाकण लावलं. तिला ते इतकं लागलं की पुढच्या आठवड्यात तिने शेजारच्या शहांकडून सगळी यादी करून आणली. तेव्हापासून शनिवारी आमच्या घरात कांदा-बटाटा बंद झाला, तो अजून बंद आहे.

खरी अडचण भात्याची होती. जुन्या भात्याच्या घड्यांना मेंढीचं मऊ कातडं लावलेलं असतं, कारण ते वाकतं आणि हवाही धरतं. मुंबईहून आम्ही एका जाणकाराला बोलावलं. त्याने सगळं पाहून सांगितलं की बाकी काम उत्तम चाललंय, पण कातड्याशिवाय हा भाता अर्धा तासही टिकायचा नाही. मी उत्साही माणूस. आटपाडीकडे पोस्टात असताना तिकडच्या धनगरांशी माझा चांगला परिचय झाला होता. मी त्यातल्या एकाकडून कमावलेलं झकास कातडं मागवलं आणि अण्णांना आनंदाचा धक्का द्यावा म्हणून ते पुडकं शुक्रवारी संध्याकाळीच मागच्या खोलीत त्यांच्या हत्यारांच्या पिशवीवर ठेवून दिलं.

शनिवारी अण्णांनी ते पाहिलं. उघडलं नाही, वासावरूनच कळलं असावं. पिशवीतली हत्यारं एकेक काढली, पिशवी नळाखाली धुतली आणि दिवसभर चर्चच्या भिंतीवर वाळत घातली. मी दिवसभर त्या पिशवीकडे बघत मान खाली घालून फिरत होतो. एवढा जैन शेजार लाभूनही माझ्या डोक्यात हा प्रकाश कसा पडला नाही, हे सुशीलाने मला त्या आठवड्यात बऱ्याच वेळा विचारलं.

ही बातमी सरोजिनीबाईंपर्यंत गेली आणि त्या थेट मागच्या खोलीत आल्या. त्यांनी अण्णांना सांगितलं की तुमचं सोवळं आमच्या ऑर्गनच्या आड येतंय.

"आड येत न्हाई, बाई. दुसरी वाट बघतोय."

"आणि नाही सापडली तर?"

"मग तुमचा ठराव हायच की."

वाट माधवनगरला सापडली. तिथल्या गिरणीत जन्म काढलेला त्यांचा एक दोस्त घरी माग चालवत होता. त्याच्याकडून अण्णांनी इतकं घट्ट कापड विणून घेतलं की तोंडाला लावून जोरात फुंकलं तर गाल दुखावेत. त्यावर सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन, एक हात देऊन वाळवायचं, मग दुसरा हात, मग तिसरा. दोन महिने आमच्या चर्चला सायकलच्या दुकानाचा वास येत होता. रविवारी उपदेश ऐकताना मला भुकेऐवजी हवा भरायची आठवण व्हायची.

पण नवं कापड लावायचं तर जुनं कातडं खरवडून काढायला हवं. आम्ही त्यासाठी वेगळा माणूस बघून ठेवला होता. अण्णांनी नको म्हटलं. "नवं मागणं येगळं, मेलेल्याला सोडवणं येगळं," असं म्हणून स्वतःच बसले. शंभर-सव्वाशे वर्षांचं ते कातडं, त्याचे कपटे कपटे त्यांनी दोन शनिवार खपून काढले आणि एका पांढऱ्या फडक्यात बांधले. मग माझ्याकडे कुदळ मागितली. चर्चच्या मागे चिंचेखाली त्यांनी हातभर खड्डा खणला आणि पाळकसाहेबांना बोलावून घेतलं. म्हणाले, ह्या मेंढराने तुमच्या घरात एवढी वर्षं सेवा केली, दोन शब्द बोलता का.

पाळकसाहेब तरुण आहेत. त्यांनी आजवर पुष्कळ माणसं पोचवली होती, मेंढरू पहिलंच. त्यांनी चष्मा काढला, जरा विचार केला आणि मग डोळे मिटून प्रार्थना केली. फार साधी होती. पाळकाने मेंढरासाठी प्रार्थना करण्यात वावगं ते काय, असं नंतर ते मला म्हणाले. मी डोळे उघडले तेव्हा थोड्या अंतरावर सरोजिनीबाई हात जोडून उभ्या होत्या. कोणीतरी गेलं असं समजून त्या घाईने आल्या होत्या. कोण गेलं हे कळल्यावर त्या परतल्या. मात्र तोपर्यंत त्या अण्णांना "ते सांगलीचे" म्हणत, त्या दिवसापासून "अण्णा" म्हणू लागल्या.

याचा अर्थ त्या विरघळल्या असा नाही. भाता तयार झाल्यावर गळती शोधायला अण्णा त्याच्या घड्यांपाशी पेटती उदबत्ती फिरवत. धूर वाकला की तिथे गळती. रविवारी सकाळी चर्चमध्ये मोगऱ्याच्या उदबत्तीचा वास आणि दारात सरोजिनीबाई. काल इथे कोणी पूजा केली, हा प्रश्न त्यांनी मला सगळ्या मंडळीदेखत विचारला. पुढच्या शनिवारी त्या स्वतः खात्री करून घ्यायला आल्या आणि तास-दीड तास स्टूलावर बसून धूर बघत राहिल्या. शेवटची बारीक गळती त्यांनीच दाखवली.

आतापर्यंत मी एक गोष्ट सांगायची टाळली. ऑर्गनला दोन्ही बाजूंना खुंट्या असतात. एक ओढली की एका जातीच्या नळ्या बोलतात, दुसरी ओढली की दुसऱ्या. खुंट्यांवरची नावं परकी भाषेतली आणि पुसट झालेली. अण्णांनी प्रत्येकीखाली चिकटपट्टी लावून मराठीत बारसं केलं होतं. राजा, बासरी, सनई, घोगरी, म्हातारी. सर्वांत उजवीकडच्या खुंटीच्या नळ्या कर्ण्यासारख्या, त्या बोलल्या की खिडक्यांची तावदानं सरळ उभी राहत. तिच्याखाली अण्णांनी लिहिलं होतं, "बाई". कोणती बाई, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

वाजवायला पुण्याहून आयव्ही नावाच्या बाई आल्या. परदेशात ऑर्गन शिकलेल्या, वयाने चाळिशीच्या आसपास. त्यांनी चिकटपट्ट्या वाचल्या आणि पहिला अर्धा तास नुसत्या हसत होत्या. मग कामाला लागल्या. त्या इंग्रजीत सांगायच्या की अमुक स्वर अडकतोय. अण्णा आत ओरडायचे, "काळी दोन का?" पेटीवाल्यांची भाषा ती. दुपारपर्यंत त्याही काळी दोन, पांढरी पाच करू लागल्या. एक रचना जर्मनीतल्या जुन्या चर्चमधली होती. त्यात एक सूर बोलू लागतो, मग दुसरा तेच बोलणं उचलतो, मग तिसरा, आणि कोणीच थांबत नाही. मला तो गोंधळ वाटला आणि मी तसं बोललो. अण्णा भात्याशेजारी बसून ऐकत होते. ते म्हणाले, "गोंधळ न्हाई मास्तर. एकाच घरातली चार माणसं एकच गोष्ट सांगत्यात, आन् कुणीबी कुणाला गप ऱ्हा म्हणत न्हाई." अशी घरं मी पाहिलेली नाहीत, पण त्यानंतर मला ती रचना कळू लागली.

कार्यक्रमाची जाहिरात मी केली. व्हॉट्सॲपवर रंगीत चित्र आणि वर मोठ्या अक्षरांत: साताऱ्यात ऑर्गनवादन. अण्णांनी ती तशीच सांगलीच्या आपल्या नाटकवाल्या मंडळींना पाठवली. शब्दाने पुन्हा एकदा तोच घात केला. डिसेंबरातल्या त्या शनिवारी पाच वाजता चर्चसमोर प्रवासी भरून नेणारी एक वडाप जीप थांबली आणि तिच्यातून दहा-बारा म्हातारे उतरले. कोऱ्या टोप्या, कानात अत्तराचे फाये. ते पुढच्या दोन बाकांवर बसले आणि त्यातल्या एकाने मला हळूच विचारलं, "आवं, नांदी कवा?"

बसा, सुरू होईल, म्हणालो.

अण्णा मागच्या खोलीत होते. हवा भरायला विजेची मोटर बसवली होती, तरी जुना हाताने मारायचा दांडाही त्यांनी नीट करून ठेवला होता. पावणेसहाला मध्यंतर ठेवलेलं होतं, ते केवळ अण्णांना दिवस मावळायच्या आत जेवता यावं म्हणून. सुशीलाने डबा फडक्यात बांधून त्यांच्याजवळ ठेवला होता. सरोजिनीबाई वहीपेन्सिल घेऊन पहिल्या बाकाच्या टोकाला बसल्या होत्या. त्यांनी घड्याळ काढून समोर ठेवलं.

पहिला सूर उठला आणि पाठीला बाक थरथरलं. माझं वय एकदम आठ झालं. सांगलीकर एकमेकांकडे बघत होते. गाणारा कुठाय, हे त्यांच्या चेहऱ्यांवर स्पष्ट दिसत होतं. दुसऱ्या रचनेत त्यातला एक मांडीवर ठेका शोधू लागला. त्याला तो सापडला, हरवला, पुन्हा सापडला. अर्धा तास उलटला. मुंबईच्या जाणकाराने दिलेली मुदत संपली होती आणि भाता चालू होता. मी सरोजिनीबाईंकडे पाहिलं. त्या घड्याळाकडे बघत होत्या.

मध्यंतराला पाच मिनिटं असताना वीज गेली.

दिवे गेले, मोटर बसली, आणि सगळ्या नळ्यांचा आवाज एकदम खाली वाकू लागला. आयव्हीबाईंचे हात पट्ट्यांवर तसेच होते. मग मागून लाकडाचा खटका ऐकू आला, पुन्हा एकदा, पुन्हा एकदा, आणि वाकलेला सूर परत सरळ झाला. तो तुटला नव्हता. लोकांना कळलंसुद्धा नसेल. मी धावत मागे गेलो. शहात्तर वर्षांचा तो माणूस दोन्ही हातांनी दांडा ओढत होता आणि सोडत होता, एका लयीत, नजर भात्याच्या उंचीवर ठेवून. मी म्हणालो की मध्यंतर आहे, बाईंना थांबायला सांगतो. त्यांनी मानेनेच नाही म्हटलं. आत्ता थांबलं तर बंद पडलं असंच मोजतील, असं ते तुटक तुटक म्हणाले. मी दांडा धरतो म्हटलं, तर ते म्हणाले, "तुमी जोर कराल. सूर थरथरंल. तुमी भाईर जावा."

मी बाहेर आलो. कोणीतरी मेणबत्त्या लावल्या होत्या. आयव्हीबाईंना कागद दिसत नव्हता, म्हणून शेजारी उभं राहून एक जण मोबाइलचा दिवा धरत होतं. त्या सरोजिनीबाई होत्या. घड्याळ बाकावरच राहिलं होतं.

मध्यंतर झालंच नाही. तिसरी रचना, मग चौथी. पश्चिमेच्या खिडकीत ऊन निळ्या काचेवर चढलं, थोडा वेळ थांबलं आणि यवतेश्वराच्या डोंगरामागे गेलं. ते मी पाहिलं. त्याचा अर्थ त्या क्षणी माझ्या ध्यानात आला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

शेवटी ती चार माणसांच्या घराची रचना आली. तिच्या अखेरीला आयव्हीबाईंना उजवीकडची टोकाची खुंटी हवी होती, पण दोन्ही हात गुंतलेले होते, म्हणून त्यांनी मानेने ती दाखवली. सरोजिनीबाईंनी दिव्यात चिकटपट्टी वाचली. मग त्यांनी स्वतःच्या हाताने "बाई" ओढली आणि चर्च भरून गेलं.

रचना संपली. आमच्या चर्चमध्ये टाळ्या वाजवायची पद्धत नाही, सगळे खाली मान घालून बसले होते. आणि पुढच्या बाकावरून, जन्मभर नाटकं पाहिलेल्या एका खड्या आवाजात आलं, "वन्स मोअर!"

मग बाकीचे सांगलीकरही. सातारकर मंडळी दचकून त्यांच्याकडे बघू लागली. आयव्हीबाईंनी पाळकसाहेबांकडे पाहिलं, पाळकसाहेबांनी सरोजिनीबाईंकडे. त्या काही म्हणणार एवढ्यात मागच्या खोलीतून दांड्याचा खटका ऐकू आला. एक, दोन, तीन. भाता भरत होता.

"घ्या," सरोजिनीबाई म्हणाल्या.

सगळं आटोपल्यावर दारात त्या माझ्यापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "सेक्रेटरी, तो ठराव रद्द झाल्याची नोंद करा. सूचक म्हणून माझं नाव घाला."

त्यानंतर अण्णांचं साताऱ्याला येणं झालं नाही. गुडघे गेले, आणि त्यांची मुलगी पद्मा त्यांना फलटणला आपल्या घरी घेऊन गेली. दर रविवारी उपासना संपली की मी फोन लावून ऑर्गनसमोर धरत असे. तिकडून आधी "दम कसाय?" आणि मग कधीतरी "मास्तर, काळी दोन उतरलीया." गेल्या श्रावणात पद्माचाच फोन आला, अण्णा गेल्याचा. चाळीस वर्षं पोस्टात लोकांच्या बऱ्यावाईट बातम्या माझ्या हातून गेल्या, पण ही माझ्याच नावाची होती. ऑर्गन उभा आहे. दर रविवारी वाजतो. अण्णांनी मागितलं होतं तेवढंच.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते मात्र त्या कार्यक्रमाच्याच संध्याकाळी. जीपमध्ये सांगलीकर मंडळी दाटीवाटीने बसली होती, कोणी पद म्हणत होतं, कराडला जेवायला कुठे थांबायचं यावर वाद चालला होता. अण्णा खिडकीशी होते. मांडीवर सुशीलाचा डबा होता, आणि फडक्याची गाठ तिने मारलेली तशीच होती.

मी म्हणालो, "अण्णा, तुम्ही जेवलाच नाहीत."

"दिवस बुडाला न्हवं."

"मला परत हाक मारायची. मी दांडा धरला असता."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि वर्षभरात पहिल्यांदाच मास्तर म्हणायचं विसरले. "गड्या, घास घ्यायला हात सोडला असता, तर भाता बसला असता." मग हसून म्हणाले, "सकाळी खातो. वैनीस्नी सांग, डबा पुढल्या शनवारी आणतो. आन् त्यो दांडा घासून घेऊ, लय खरबरीत हाय."

जीप हलली. अण्णांनी निरोपाला हात वर केला, आणि आतल्या दिव्यात मला दिसलं, त्यांच्या तळव्याचं कातडं सोलून निघालं होतं.